बाईंच्या भिंतीवरची तोंडं

सोलापुरात खोली शोधत हिंडताना घरमालक काय काय विचारतात याची मला एव्हाना सवय झाली होती. आडनाव काय, गाव कोणतं, पगार किती, लग्न कधी करणार. बाईंनी त्यातलं काहीच विचारलं नाही. दार उघडलं, माझ्या हनुवटीला एक बोट लावून तोंड उजेडाकडं वळवलं आणि म्हणाल्या, "डावीकडनं जरा वाकडं हाय. जन्मापासनं, का पडली होतीस?"

"सायकलवरून पडले होते. लहानपणी, माढ्याला."

"बरं झालं. सरळ तोंडं करायला लई कंटाळा येतो. खोली वर हाय, बघून ये."

वर जायच्या आधी माझी नजर कंपाउंडच्या भिंतीवर गेली. भिंतीवर एका ओळीत माणसांची डोकी मांडलेली होती. मातीची, काळी-राखाडी, शहाळ्याएवढी. सगळ्यांची तोंडं गल्लीकडं. कुणी चिडलेलं, कुणी जांभई देतंय, एकाच्या गालात तंबाखूचा फुगवटा. मी खोली घेतली ती भाडं परवडत होतं म्हणून. पण त्या दिवशी परत जाताना गल्लीच्या कोपऱ्यावर मला गालात फुगवटा असलेला तो माणूस खराखुरा भेटला, पानपट्टीत बसलेला. मी त्याच्याकडं पाहून ओळखीचं हसले. तोही सवय असल्यासारखा म्हणाला, "भिंतीवर बघितलं न्हवं का?"

सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. निम्म्या गल्लीला त्यांनी गणित शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्या गल्लीच्या मुलांना. लग्न केलं नव्हतं. मूळच्या मंद्रूपच्या. शाळेत म्हणे अगदी पुस्तकातलं मराठी बोलायच्या. पण निवृत्तीच्या समारंभात शाल आणि नारळ घेऊन घरी आल्या त्या दिवसापासून त्यांनी ते मराठी जणू शाळेतच जमा केलं. घरात त्या मंद्रूपचंच बोलायच्या, आणि समोरचा फार बोलायला लागला की तळहात दाखवून कानडीत म्हणायच्या, "साकु." म्हणजे पुरे. कानडी न येणाऱ्यालाही ते पहिल्यांदाच समजायचं.

मातीचं वेड निवृत्तीनंतरचं. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "जन्मभर पोरांना बरोबर उत्तर काढायला लावलं. आता ज्याला उत्तरच न्हाई असं कायतरी करू दे की मला."

माती मंद्रूपहून यायची. भाऊ शेतातली काळी माती खताच्या गोणीत भरून भाजीच्या टेम्पोतून पाठवायचा. काळी माती वाळली की तडकते. सुरुवातीची सगळी तोंडं आठवड्यात उभी चिरली. ज्यांची ती होती त्यांना ते अशुभ वाटलं, त्यामुळं गल्लीत थोडे दिवस वातावरण बरं नव्हतं. यावर तोड शेजारच्या घरातून निघाली. तिथं यंत्रमागावर काम करणारा एक माणूस राहायचा, तेलुगू बोलणारा, शांत. त्याच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. त्यानं एक दिवस कारखान्यातून वाया गेलेल्या सुताचा गुंता पिशवीत भरून आणला आणि बाईंच्या ओट्यावर ठेवला. हे मातीत मळून बघा म्हणाला. बाईंनी मळून बघितलं. तोंडं टिकायला लागली. तेव्हापासून तो दर महिन्याला पिशवी आणून द्यायचा आणि काही न बोलता जायचा. बाईंनी त्याचंही तोंड केलं. ते किंचित उघडं होतं, समोरचं कुणीतरी बोलतंय आणि आपली पाळी येत नाहीय असं.

तोंडं भाजायची मात्र नाहीत, असा बाईंचा हट्ट. "भाजलं की पक्कं झालं. माणूस कुटं पक्का असतो?" त्यामुळं पावसाळ्यात भिंतीवरच्या प्रत्येकाच्या डोक्यावर दुधाची रिकामी पिशवी चढायची. नव्यानं गल्लीत आलेला रिक्षावाला हमखास ब्रेक मारायचा.

बाई माणसांकडं बघायच्या ते अगदी उघडपणे. भाजी घेताना भेंडीकडं कमी आणि भाजीवालीच्या नाकपुड्यांकडं जास्त. कुणाच्या लग्नाला गेल्या की अक्षता टाकायच्या विसरून नवऱ्यामुलाच्या जबड्याकडं एकटक बघत उभ्या राहायच्या. त्यामुळं एका ठिकाणी मुलीकडच्यांना वाटलं, ह्यांना मुलाबद्दल काहीतरी ठाऊक आहे. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की त्या मला घेऊन जायच्या. पाळण्यात बसायच्या नाहीत. मोठ्या पाळण्याच्या खाली मान वर करून उभ्या राहायच्या. "वर जाताना सगळी हसतात. खाली येताना बघ. खाली येताना खरं तोंड दिसतं." मी बघायचे. खरंच, खाली येताना कुणी खोटं तोंड करू शकत नाही.

आमच्या समोरच्या घरात एक काका राहायचे. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, आणि गल्लीच्या कारभारावर स्वतःच स्वतःला नेमलेले. आमच्याकडं नळाला चार दिवसांनी पाणी यायचं. ते पाणी कुणी कसं वापरलं यावर काकांची नजर असायची. बाई माती मळायला बसल्या की काका फाटकाशी येऊन उभे राहत.

"बाई, माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही मातीला पाजता."

"डाळ-तांदूळ धुतलेलं हाय. तुमी पिणार हाय का?"

"पण ह्याचा उपयोग काय?"

हा प्रश्न काका रोज विचारत आणि बाई रोज वेगळं उत्तर देत. कधी म्हणत, "तुमच्या मिशीचा काय हाय?" कधी म्हणत, "उपयोग झाला की तुमाला कळवते." एकदा त्यांनी खरंच विचार केला, मातीचे हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "ठाऊक न्हाई." त्या दिवशी काकांनाच चुकल्यासारखं झालं. उगाच दोन मिनिटं घुटमळून ते निघून गेले.

काकांचंही तोंड भिंतीवर होतं. मिशी अगदी हुबेहूब. पण त्याला कान नव्हते. काकांच्या ते लक्षात यायला बरेच दिवस गेले. आले आणि म्हणाले, "बाई, कान राहिलेत."

"वापरात न्हाईत म्हणून न्हाई लावले."

गल्ली आठवडाभर हसत होती. काका चार दिवस रुसले आणि पाचव्या दिवशी फाटकाशी येऊन उभे राहिले. उपयोग काय, हे विचारल्याशिवाय त्यांनाही चैन पडत नसावं.

माझं तोंड भिंतीवर आलं ते मला न सांगता. मी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये होते. दिवसभर नमुने तपासायचे, पास किंवा नापास लिहायचं. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून गल्लीत शिरले, तर अक्काच्या नवऱ्याच्या शेजारी मी बसलेले. वाकडी हनुवटी माझी, केसांचा भांग माझा. आणि ओठ असे घट्ट मिटलेले की कुणीतरी तोंडात औषध ओततंय आणि मी घेत नाहीय. मला राग आला. मी थेट स्वयंपाकघरात गेले. बाई शेंगा चटणी कुटत होत्या.

"मी अशी दिसते?"

"दिसत न्हाईस. पर कामावरनं येतीस तवा अशी असतीस."

मी जिना चढले. निम्म्या जिन्यात माझ्या लक्षात आलं की माझे दात एकमेकांवर करकचून दाबलेले आहेत. सकाळपासून, बसमध्ये, लॅबमध्ये, कदाचित गेली कित्येक वर्षं. मी ते सोडले. जबडा दुखत होता हेही मला तेव्हाच कळलं. एवढंच झालं. आयुष्य वगैरे काही बदललं नाही. पण त्यानंतर गल्लीच्या तोंडाशी आलं की भिंतीवरची ती चिडकी पोरगी दिसायची आणि मी आपोआप दात सोडायचे.

मग अक्काचा नवरा गेला. कामावर असतानाच छातीत कळ आली आणि संपलं. भिंतीवर त्याचं तोंड तसंच राहिलं. ते काढावं की ठेवावं हे बाईंनी अक्काला विचारलं नाही आणि अक्कानंही काही सांगितलं नाही. मात्र रोज सकाळी मी आवरत असताना खिडकीखालून तेलुगूतलं काहीतरी पुटपुटणं ऐकू यायचं. डोकावलं तर अक्का भिंतीशी उभी. मला वाटायचं, एखादं स्तोत्र म्हणत असेल बिचारी.

याच सुमाराला बाईंचा पुण्याचा भाचा आला. मोठा उत्साही मुलगा. त्यानं भिंतीचे फोटो काढले, कुठंतरी पाठवले आणि शहरातल्या एका चित्र-शिल्प प्रदर्शनात बाईंच्या पाच-सहा तोंडांना जागा मिळवली. बाई आधी नको म्हणाल्या. मग आतून खूश झाल्या, कारण त्यांनी इस्त्रीची साडी काढली. काका म्हणाले, माझं न्या, मिशी चांगली आलीय. आम्ही तोंडं जुन्या साड्यांत गुंडाळून मांडीवर घेऊन रिक्षानं गेलो.

हॉल मोठा होता. बाईंना मिळालेलं टेबल पिण्याच्या पाण्याच्या जारशेजारी होतं. लोक यायचे, ग्लास भरायचे, एक घोट घेऊन तोंडांकडं बघायचे आणि पुढं जायचे. दुपारी परीक्षक आले. चित्रकला शिकवण्यात आयुष्य गेलेले गृहस्थ, बोलायला मऊ. त्यांनी प्रत्येक तोंड नीट, थांबून बघितलं. ते उर्मट असते तर बाईंनी तळहात दाखवून त्यांना साकु म्हटलं असतं. पण ते उर्मट नव्हते.

"कुठं शिकलात?" त्यांनी विचारलं.

"कुटंच न्हाई."

"तेच. कपाळ आणि हनुवटी यांचं प्रमाण बघा, सगळीकडं चुकलंय. मानेला आधार नाही. आणि कच्ची माती, म्हणजे टिकणार नाही." मग त्यांना वाटलं असावं की आपण फार बोललो. ते हसून म्हणाले, "पण छंद म्हणून छान आहे, बाई. ह्या वयात वेळ चांगला जातो."

बाईंनी त्यांना विचारलं, "मग कला म्हणजे काय असतं, सर?" हा टोमणा नव्हता. शाळेतल्या मुलीनं विचारावं तसं विचारलं. त्यांनीही मनापासून सांगितलं, बरंच. बाई हाताची घडी घालून ऐकत होत्या. परतीच्या रिक्षात, गल्लीत वळताना त्या म्हणाल्या, "वेळ जातो म्हणे. मी वेळ घालवायला करत होते व्हय?"

दुसऱ्या दिवशी भिंत रिकामी होती. सगळी तोंडं त्यांनी जिन्याखाली नेऊन ठेवली, भिंतीकडं तोंड करून. त्यांच्या जागी कढीपत्त्याच्या कुंड्या आल्या.

"हे उपयोगाचं," बाई म्हणाल्या.

त्यानंतर बाई एकदम शहाण्यासारख्या वागायला लागल्या आणि गल्ली घाबरली. त्या पापड लाटायच्या. दहावीच्या मुलांना फुकट गणित शिकवायच्या. पाणी आलं की दोन घरच्या म्हाताऱ्यांच्या घागरी भरून द्यायच्या. येणारा-जाणारा कढीपत्त्याच्या दोन काड्या तोडून न्यायचा, "बाई, बऱ्या आहात ना?" म्हणायचा, बाई "बरी हाय" म्हणायच्या. पण बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या चपलांवर असायची. मी एक दिवस मुद्दाम केस कापून आले, चांगले खांद्यापर्यंत. त्यांना दिसलंच नाही. काका फाटकाशी येऊन उभे राहायचे आणि त्यांना बोलायला विषय मिळायचा नाही. "कढीपत्ता छान आलाय," असं काहीतरी म्हणून ते जायचे.

मी एकदा जेवताना विषय काढला. म्हटलं, एका माणसाचं मत आहे ते, त्याला काय कळतं.

"त्याला कळतं," बाई कडक भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या. "तेच तर हाय. इतकी वर्षं गल्लीनं मला तोंडावर सांगितलं न्हाई, त्यानं सांगितलं. मी गणिताची हाय बाळ. उत्तर चुकलं की खोडायचं, त्याच्यावर रडायचं न्हाई."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, ह्याला उत्तर नसतं."

"म्हणले होते," त्या म्हणाल्या आणि मला आणखी चटणी वाढली.

मग एका शनिवारी त्यांनी सांगितलं, उद्या सगळी तोंडं टबात भिजवून टाकणार. कुंड्यांना माती कमी पडतेय, चांगली मंद्रूपची माती जिन्याखाली पडून काय करायची. ते त्या अगदी सहज म्हणाल्या.

रविवारी सकाळी मी खाली आले तेव्हा अंगणात टब भरलेला होता. पहिलं तोंड आत गेलेलं होतं, पाणी गढूळ झालं होतं. बाईंच्या हातात दुसरं होतं. अक्काच्या नवऱ्याचं. तेवढ्यात फाटक वाजलं आणि अक्का आत आली. रोजच्यासारखी भिंतीशी आली असणार, आणि तिथून तिला हे दिसलं असणार.

"टीचरम्मा, त्याला कुटं घेऊन चाललाव?"

"भिजवायला."

"कशाला?"

"कुंड्यांना माती लागते, अक्का. तसं बी प्रमाण चुकलंय त्याचं."

अक्का तिथंच पायरीवर बसली. रडली वगैरे नाही. पदरानं गळ्याचा घाम पुसला आणि म्हणाली, "मग मी भांडू कुणासंगं?"

"काय?"

"रोज सकाळी भांडते की मी. तो हुता तवा बी आमी सकाळीच भांडत हुतो, त्याची पाळी सुरू व्हायच्या आधी. आता गॅस संपला, पोरगं ऐकत न्हाई, जावई फोन करत न्हाई, हे सगळं हितं येऊन सांगते त्याला. महिना झाला भिंतीवर न्हाई. मला वाटलं परदर्शनात ठेवलं आसंल, येईल. रोज येऊन कुंडी बघून जाते."

मला खिडकीतून ऐकू येणारं ते स्तोत्र आठवलं.

बाई म्हणाल्या, "अगं, घरात फोटो हाय की त्याचा. एवढा मोठा."

"त्या फोटोला हार घातलाय, टीचरम्मा. हार घातलेल्या माणसाला शिव्या देता येतात का? आणि त्या फोटोवाल्यानं त्याला टाय लावलाय. कोट-टाय. जन्मात घातला न्हवता. मी बोलायला गेले की कुणीतरी साहेबच बसल्यागत वाटतं." तिनं बाईंच्या हातातल्या तोंडाकडं बोट केलं. "हा बघा कसा बसलाय तोंड उघडं टाकून. मी बोलायला लागले की असाच बसायचा. काय बोलणार बोलणार, आणि बोलायचा न्हाई."

बाई बराच वेळ हातातल्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी वर बघितलं. महिन्याभरानं पहिल्यांदाच त्यांनी कुणाच्या तरी चेहऱ्याकडं बघितलं, अक्काच्या, आणि ते जुनं बघणं होतं, नाकपुड्यांपर्यंत पोचणारं.

"काय शिव्या देतीस गं त्याला?"

अक्कानं तेलुगूत एक मोठं वाक्य म्हटलं. आम्हा दोघींना त्यातलं काही कळलं नाही, पण बाई हसायला लागल्या. मग अक्काही हसली. बाईंनी पदरानं ते तोंड पुसलं, भिंतीवरच्या दोन कुंड्या सरकवल्या आणि मध्ये त्याला बसवलं. दोन पावलं मागं येऊन बघितलं.

"सर बोलले त्यात काही खोटं न्हाई," त्या म्हणाल्या. "डोकं केवढं मोठं केलंय मी ह्याचं. प्रमाण चुकलंयच." मग जरा थांबून म्हणाल्या, "पर भांडायला पुरतंय की."

त्या दिवशी जिन्याखालची सगळी तोंडं आम्ही दोघींनी परत भिंतीवर मांडली. कढीपत्ता मध्ये मध्ये राहिला. दुपारी काका फाटकाशी आले. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तजेला होता.

"काय बाई, परत मुंडकी?"

"व्हय."

काकांनी भिंत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग परत बघितली. "माझं कुठं दिसत नाही."

बाईंनी आणि मी एकमेकींकडं पाहिलं. पहिलं तोंड कुणाचं भिजलं होतं हे मला तेव्हा कळलं.

"ते टबात हाय," बाई म्हणाल्या.

काका आत आले. टबावर वाकले. तळाशी काळा चिखल होता आणि पाण्यावर सुताचे दोन धागे तरंगत होते. रोज उपयोग काय विचारणारा तो माणूस इतका वेळ त्या पाण्यात बघत राहिला की मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"मला पहिलं घातलंत," ते शेवटी म्हणाले.

"वरच हुतं तुमचं. काढताना हाताला आलं."

"मिशी चांगली जमली होती."

"जमली हुती."

काका निघून गेले. बाई खरोखर ओशाळल्या होत्या. पण थोड्या वेळात काका परत आले. हातात बादली, काठोकाठ भरलेली, नळाच्या स्वच्छ पाण्याची. पुढचं पाणी यायला अजून दोन दिवस होते. त्यांनी बादली टबाशी ठेवली, ओट्यावरची खुर्ची अंगणात ओढली आणि तीत ताठ बसले.

"करा नवीन. आणि ह्या वेळी कान लावा."

बाईंनी कान लावले. जरा लहान लावले. काकांनी तक्रार केली नाही. उपयोग काय, हे मात्र त्यांनी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा विचारायला सुरुवात केली. पण विचारताना ते आता खुर्ची घेऊन बसत.

पुढं मला पुण्यात नोकरी लागली. सामान आवरलं तो दिवस होता. बाईंची बोटं हल्ली सकाळी सुजलेली असायची, सांधे धरायचे. नुसतं मळणं व्हायचं, बारीक काम दुपारनंतरच. मी निरोप घ्यायला खाली आले तेव्हा त्या अंगणात बसल्या होत्या आणि समोर मळलेल्या मातीचा गोळा तयार होता.

"बस. माझं तोंड कर."

"मला येत नाही बाई."

"मला तरी कुटं येतं? सरांनी सांगितलंय की."

मी बसले. सगळ्या गल्लीची तोंडं होती भिंतीवर, बाईंचं नव्हतं, हे इतक्या दिवसांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि करायला बसल्यावर आणखी एक गोष्ट कळली. मी बाईंकडं कधी नीट बघितलंच नव्हतं. त्या आपल्याला बघत असतात एवढंच ठाऊक होतं. एक भुवई दुसरीपेक्षा वर होती, जणू कुणाचं तरी गणित तपासतायत. खालचा ओठ पुढं. डोळ्यांखाली सुरकुत्यांचे दोन छोटे पंखे, ते हसतानाच उघडायचे. डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. ती कशी फाटली हे मी विचारलं. मंद्रूपच्या बाजारात, लहानपणी, एका शेळीनं डूल खाल्लं, असं त्यांनी सांगितलं. मी हसताना हात थरथरला आणि नाक वाकलं. बाई म्हणाल्या, "राहू दे, पुढं चल."

सगळी दुपार गेली त्यात. अंगठ्यानं गाल दाबला की त्या वेगळ्याच कुणीतरी व्हायच्या, सारवला की परत थोड्याशा यायच्या. एकदा तर इतक्या आल्या की मी हात काढून घेतला, आणि मग लगेच भुवई नीट करायला गेले आणि त्या निघून गेल्या. एका क्षणी मला परीक्षकांची आठवण झाली. कपाळ आणि हनुवटी यांचं प्रमाण मला कळत होतं आणि तरीही ते हातातून येत नव्हतं. पण उठावंसंही वाटत नव्हतं. पुण्याची गाडी संध्याकाळची होती. मी फोन करून ती दुसऱ्या दिवशीची केली.

झालं तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. भिंतीवर ठेवायच्या लायकीचं ते नव्हतं. पण बाईंनी ते उचललं आणि अक्काच्या नवऱ्याच्या शेजारी नेऊन ठेवलं. अक्का आली, तिनं बघितलं आणि बाईंच्या पाठीवर हात ठेवला. काका खुर्चीतून उठून आले, चष्मा वर केला, खाली केला.

"हे कोण?"

"मी," बाई म्हणाल्या.

"वाटत नाही."

बाई पुढं झाल्या. स्वतःच्याच त्या वाकड्या नाकाच्या तोंडाकडं, मी मऊ करून ठेवलेल्या भुवईकडं, पुढं आलेल्या ओठाकडं त्यांनी नीट, वेळ घेऊन बघितलं.

"न्हाई वाटत," त्या म्हणाल्या. "माझ्यापरीस लई मायाळू दिसती ही बाई. राहू दे हितंच. हळूहळू मी होईन तिच्यासारखी."

मग त्यांनी ओल्या बोटानं त्या गालावरची एक चीर बुजवली आणि आम्हा तिघांना आत जेवायला बोलावलं.